पोटखराब्यातले रहिवासी : चिपळूण ते आंबोली

कोकणातलं जंगल कुठे शिल्लक आहे हे बघायचं असेल तर वनखात्याच्या नकाशात डोकं घालू नका, तलाठ्याला विचारा, असं माझ्या मामांचं मत आहे. ते स्वतः निवृत्त तलाठी, त्यामुळे या मतात थोडा अभिमान मिसळलेला आहे. पण फिरून आल्यावर मला ते पटलंय. चिपळूणपासून आंबोलीपर्यंत जे रान पाहिलं त्यातलं बरंचसं कुणाच्या ना कुणाच्या नावावर होतं, आणि ते अजून उभं का आहे किंवा आडवं का झालं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यात निघालं.

निमित्त वाघाचं झालं. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे २०१८ मध्ये कॅमेऱ्यात आलेला एक वाघ २०२० मध्ये कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला, दोनशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला. या दोन टोकांच्या मधे राधानगरी आहे, आंबोली आहे, तिळारी आहे, पलीकडे गोव्याचं म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड. आणि या सगळ्यांच्या मधल्या फटीत काजूच्या बागा, धरणाचे कालवे, घाटरस्ते, वाड्या. कागदावर ज्याला भ्रमणमार्ग म्हणतात तो जमिनीवर कसा दिसतो ते बघायचं होतं. मामांच्या नोकरीची निम्मी वर्षं संगमेश्वर आणि लांज्यात गेलेली. ते म्हणाले, "गाडी माझी, ओळखी माझ्या. तू फक्त मधेमधे चहा पाज."

वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते. वाघाच्या फोटोसाठी आला असाल तर इथूनच मागे फिरा.

गुरुवार : चिपळूण आणि डुगवे

ठाण्याहून पहाटे निघालो. मुंबई-गोवा महामार्गावर लिहिण्यासारखं नवीन काही नाही, लोकांनी त्यावर पुरेसं लिहिलंय.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था बहुतेकांना वेळासच्या कासवांमुळे माहीत असते. खवले मांजरावरही त्यांनी बरंच काम केलंय. २०२० साली जागतिक खवले मांजर दिनाला (फेब्रुवारीचा तिसरा शनिवार) त्यांनी डुगवे गावात 'खवलोत्सव' केला, पालखीत खवले मांजराची प्रतिकृती ठेवून. ज्या प्राण्याला लोक आधी घाबरायचे किंवा विकायचे, त्याला पालखीत बसवायची कल्पना ज्याच्या डोक्यातून आली त्याला कोकण कळलंय. इथे वनखात्याचा फलक कुणी वाचत नाही, पण पालखीत बसलेल्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

दुपारी उन्हं कलल्यावर त्याच भागातला एक तरुण आम्हाला बिळं दाखवायला घेऊन गेला. सकाळी थंडी, दुपारी अंग भाजणारं ऊन, असे फेब्रुवारी अखेरचे दिवस. पाऊलवाट संपली तिथे करवंदीची जाळी आणि ऐनाची-किंजळाची झाडं सुरू झाली. तो मधेच थांबला आणि पायाने पाचोळा बाजूला सारला. वारुळाच्या बुडाशी एक वितभर रुंद खड्डा होता. कडेच्या मातीवर तीन-तीन नख्यांचे लांब ओरखडे, आणि उकरलेली माती अजून ओलसर, लालभडक. "हे खाण्यासाठी उकरलंय, काल रात्री. राहायचं बीळ वेगळं, ते खोल असतं," तो म्हणाला. राहायचं बीळ त्याने लांबूनच दाखवलं. उताराला, एका मोठ्या दगडाच्या आडोशाने. तोंडाशी मातीचा ढीग, त्यावर शेपूट घासत गेल्याचा पट्टा. मी फोन काढला तर म्हणाला, "ताई, फोटो काढा, पण लोकेशन बंद करा."

खवले मांजराला दात नसतात. मुंग्या-वाळवी लांब चिकट जिभेने चाटून खातं, आणि जिवावर बेतलं की स्वतःला गुंडाळून घेतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणूस आला की तो तो चेंडू उचलून पोत्यात भरतो. खवले म्हणजे आपल्या नखांमध्ये असतं तेच केराटिन. औषधी गुण शून्य, पण त्याच्यासाठी शिकार होते. २०१६ मध्ये सगळ्या जातींच्या खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. आपल्याकडे तर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे, पकडलं तर तीन ते सात वर्षं कैद. मादी बहुधा एकच पिल्लू देते. त्यामुळे एखाद्या डोंगरावरची चार जनावरं पोत्यात गेली तर तो डोंगर कितीतरी वर्षं रिकामाच राहतो.

संध्याकाळी त्याच्या घरी लॅपटॉपवर कॅमेऱ्यातल्या चित्रफिती पाहिल्या. एकीत आई चालतेय, पुढचे पाय मुडपून, जवळजवळ मागच्या पायांवर, आणि शेपटीच्या मुळाशी पिल्लू पोटावर पालथं पडून चिकटलेलं. आई दगडावरून उतरली तेव्हा पिल्लू घसरलं, आणि परत चढून बसलं. बारा-तेरा सेकंदांचं सगळं. मामांनी ती तीनदा लावायला सांगितली.

मग त्यांनी विचारलं, "हा गट कुणाच्या नावावर आहे रे?" पोराने सांगितलं, भावकीचा, अठ्ठावीस नावं आहेत. अर्धे मुंबईत, चारजण वारलेत, वारसनोंद नाही. "मग बरोबर," मामा समाधानाने म्हणाले. मला तेव्हा काही कळलं नाही. स्वयंपाकघरातून ओल्या काजूच्या उसळीचा वास येत होता, त्यामुळे मी विचारलंही नाही.

*जाणाऱ्यांसाठी :* खवले मांजर निशाचर आहे. 'दाखवतो' म्हणणाऱ्याच्या मागे रात्री रानात जाऊ नका. जखमी, अडकलेलं किंवा विक्रीला आलेलं जनावर दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. बिळाचा फोटो टाकताना गावाचं नाव लिहू नका.

शुक्रवार : देवरुखकडे

सकाळी संगमेश्वरचा फाटा घेतला आणि मामांना कंठ फुटला. दर वळणावर "हा गट माझ्या काळात" अशी एक गोष्ट. त्यातली एक कामाची होती, ती सांगते.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन नावापुरती. डोंगरभर जे हिरवं दिसतं ते बहुतांश खाजगी. सातबाऱ्यावर शेती होत नसलेल्या भागाला पोटखराबा लिहितात. कडे, वहाळ, दगडाळ उतार, त्यावरचं रान, सगळं पोटखराब्यात. बिबट्या, भेकर, साळिंदर, शेकरू यांचा पत्ता शासकीय भाषेत पोटखराबा असा आहे. आता हे रान टिकलं कसं? मामांच्या मते निम्मं श्रेय भाऊबंदकीला. अठ्ठावीस नावं असली की विकायला अठ्ठावीस सह्या लागतात. त्यातल्या एकाचं दुसऱ्याशी बोलणं बंद असतं, तिसरा सुरतेला असतो. तोवर ऐन वाढतो. ज्या दिवशी कुणीतरी सगळ्यांची कुलमुखत्यारपत्रं गोळा करतो, त्या दिवशी सामंजस्य होतं आणि जेसीबी येतो.

"म्हणजे भांडणं चालू राहू देत?" मी विचारलं.

"मी काय म्हणतोय, कारण शोध. भांडण मिटलं तरी रान राहील असं कारण."

असं कारण शोधायचा एक प्रयत्न याच पट्ट्यात झालाय. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था जंगलमालकांशी करार करते : इतकी वर्षं झाडं तोडायची नाहीत, त्याचा मोबदला घ्यायचा. बेहडा आणि हिरडा झाडं न दुखावता गोळा करून चांगल्या दराने विकायची घडीही त्यांनी बसवली. या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेशाची घरटी असतात, त्यामुळे एक झाड वाचलं की दोन हिशेब जमतात.

ज्या मालकाकडे गेलो ते सत्तरीचे काका मामांचे जुने खातेदार. लाकूडवाल्याने त्यांना मागे एका उताराचे एकरकमी पैसे सांगितले होते. दर सात-दहा वर्षांनी असा कुणीतरी येतो, सगळा डोंगर बुडापासून कापतो आणि ट्रक घाटावर जातात. काकांनी नाही म्हटलं. का, तर करार हे एक कारण, आणि दुसरं त्यांनी परड्यात उभं राहून दाखवलं. वरच्या रानातून येणारा वहाळ फेब्रुवारीतही वाहत होता, पोफळीला पाणी तिथूनच. शेजारच्या वाडीने डोंगर दिला, त्यांचा वहाळ दिवाळीत आटतो.

देवराईत शिरलो तेव्हा डोक्यावर खडखड झाली. शेकरू. तांबूस पाठ, पिवळट पोट, अंगाएवढी शेपूट. एका फांदीच्या टोकाला येऊन थांबलं. समोरच्या झाडाची फांदी पूर्वी इथपर्यंत यायची, मधून काढलेल्या नव्या रस्त्यासाठी ती छाटली होती. शेकरू पुढे सरकलं, मागे गेलं, पुन्हा टोकाशी आलं, आणि मग वळून राईच्या आत निघून गेलं. ते शक्यतो जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं. वाघाला दोनशे किलोमीटरचा सलग पट्टा लागतो, शेकराला एवढी एक फांदी पुरली असती. कुणाला पटवायला नकाशापेक्षा हा रस्ता दाखवेन मी.

जेवायला कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, कोवळ्या फणसाची भाजी. काकूंनी पिठीवर वरून कच्चं खोबरेल सोडलं, तेही घाण्याचं. पिठी मी आजवर आजारी माणसाचं जेवण समजत होते.

शनिवार : दक्षिणेकडे

हा दिवस गाडीत. देवरुखहून लांजा, राजापूर, कणकवली, सावंतवाडी. चौपदरी रस्ता झाला तिथे गाडी पळते. पहाटे रस्त्याच्या कडेला एक उदमांजर मरून पडलेलं, पुढे एक कोल्हा. दुभाजक उंच असला की लहान जनावर मधे अडकतं. पुढे जायला वाट नाही, आणि मागून ट्रक येतो. मोठमोठे पूल बांधले जातात तेव्हा खालून वहाळाला जोडून दोन मीटर कोरडी कड सोडली तरी बरीच जनावरं तिकडून जातील. रस्ता पूर्ण झाल्यावर हे करायचं म्हणजे दसपट खर्च.

राजापूरच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वणवा लागलेला दिसला. कुणी मुद्दाम लावतात, कुणाची विडी पडते. आम्ही थांबलो तोवर दोन बायका ओल्या डहाळ्यांनी तो झोडपत होत्या, बागेपर्यंत येऊ नये म्हणून. आम्हीही डहाळ्या घेतल्या. अर्ध्या तासाने विझला आणि त्यांनी आम्हाला कोकम सरबत पाजलं, आमचे आभार वगैरे न मानता. आवडलं मला ते.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी. लवकर झोपलो.

रविवार : तिळारी

बांदा, दोडामार्ग, भेडशी. इथली हवा वेगळी. आर्द्र, गोव्यासारखी, आणि रान दाट. तिळारी धरण हा महाराष्ट्र आणि गोव्याचा मिळून केलेला प्रकल्प. पाण्याच्या भोवतालचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल २०२० मध्ये तिळारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं, त्यानंतर आंबोली-दोडामार्गही. नकाशात ही दोन हिरवी ठिगळं आहेत, त्यांच्या मधल्या जागेत गावं आणि बागायत.

कोनाळकट्ट्याच्या पुढे आमचा वाटाड्या भेटला, वनखात्यात रोजंदारी केलेला. नदीकाठी एका सपाट खडकावर त्याने पाणमांजराची विष्ठा दाखवली. उन्हाने पांढरी पडलेली, आत माशाचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे चमकत होते. वास असा की मामा दहा पावलं मागे गेले. एका कळपाचं हे ठरलेलं ठिकाण. इथे येऊन घाण करणं हा त्यांचा निरोप देण्याचा प्रकार, म्हणजे ही नदी आमची. नदीत गावठी बॉम्ब टाकून मासे मारणारे आले की ते ठिकाण सोडतात. सध्या तरी खडक ताजा होता.

मग कालवा पाहिला. सिमेंटचा, दोन्ही बाजूंनी घसरता, खोल. गवा पाणी प्यायला उतरतो आणि वर येता येत नाही. वाटाड्याने एक गवा जेसीबीने रस्ता करून बाहेर काढताना पाहिला होता. ठराविक अंतरावर चढउतार करायला खडबडीत उतार ठेवले किंवा वरून जनावरांसाठी मातीचे पूल केले, तर हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. कालवा भ्रमणमार्गाला आडवा जातो, तेव्हा तो खणतानाच हे सुचायला हवं होतं.

रात्री हेवाळ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो. या भागात २००२ साली कर्नाटकातून हत्ती आले आणि राहिले. पुढे माणगाव खोऱ्यापर्यंत गेले, तिथले तीन २०१५ मध्ये पकडावे लागले. तिळारी खोऱ्यात ते अजून आहेत. घरमालक काका अंगणात बसून सांगत होते : "रात्री कुत्रे भुंकाक लागले काय समजाचा, इलो म्हणान. मग फटाके घेवन भायर." त्यांना हत्तीचा राग आहे, पण ते त्याला एकेरीत शिवी देत नाहीत, 'गणपती' म्हणतात. मागच्या वर्षी बागेत शिरून एका रात्रीत माड आडवे केले. "माड मोडल्यान, गाभो खाल्ल्यान, आणि पोफळी तुडवल्यान." भरपाई मिळते, पण माड फळायला येईपर्यंतची वर्षं कोण भरून देणार?

इथे एक गोष्ट कळली जी आधी कुठे वाचली नव्हती. दोडामार्गात केरळकडून आलेल्या लोकांनी रबर आणि अननस लावलंय, पुष्कळ. काका म्हणाले, त्यांनीही डोंगराचा एक तुकडा रबराला भाड्याने दिलाय, कारण रबर हत्ती खात नाही. म्हणजे हत्ती केळी-माड मोडतो, म्हणून मालक रबराकडे वळतो. रबराखाली बांबू, वेली, करवंद काही राहत नाही. हत्तीला चारा कमी पडतो आणि तो उरलेल्या माडांकडे येतो. या फेऱ्यातून काकांना बाहेर पडायचंय, पण एकट्याने बाहेर पडलं तर नुकसान त्यांचंच.

मामांनी संवेदनशील क्षेत्राचा विषय काढला आणि वातावरण तापलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली, आणि मार्च २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करायचा आदेश दिला. काकांना भीती ही, की उद्या स्वतःच्या काजूची फांदी छाटायलाही तालुक्याला जावं लागेल. मामांनी समजावलं, की मनाई खाणींना आहे, मोठ्या कारखान्यांना आहे, शेतीला नाही. शेजारच्या कळण्याला २०२१ च्या जुलैत खाणीचा बांध फुटून गाळ गावात आला होता, ते त्यांना तोंडपाठ होतं, त्यामुळे खाणीचा मुद्दा पटला. पण तोडबंदी असताना रात्री लाकूड जातंच, ते कोण अडवतो, या प्रश्नावर मामा गप्प बसले. तलाठी म्हणून त्यांना याचं उत्तर माहीत असणार.

त्या रात्री हत्ती आला नाही. पहाटे पलीकडच्या वाडीतून फटाक्यांचे आवाज आले. उजाडल्यावर जाऊन पाहिलं तर एक माड मधोमध चिरून ठेवलेला, आतला पांढरा गाभा ओरबाडून नेलेला, जमिनीवर थाळीएवढे ठसे. त्या घरातली वहिनी कोंबड्यांना दाणे टाकत होती, आमच्याकडे न बघता म्हणाली, "बघून झाला काय? चाय घेवा."

*जाणाऱ्यांसाठी :* अंधार पडल्यावर या भागात पायी किंवा दुचाकीने फिरू नका, हत्ती दिसला तर फोटोसाठी थांबू नका. डिसेंबर ते मे माकडतापाचा हंगाम. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि २०१६ पासून दोडामार्गात रुग्ण सापडलेत. पूर्ण बाह्या, पायमोजात खोचलेली पॅन्ट, पाचोळ्यात बसायचं नाही, परतल्यावर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. नंतर ताप आला तर डॉक्टरांना दोडामार्गला गेलो होतो हे आठवणीने सांगा.

सोमवार : बांबर्डे, मग आंबोली

हेवाळे-बांबर्ड्यात जायफळाच्या कुळातल्या रानझाडांची एक दलदल आहे, जेमतेम २.५९ हेक्टर. २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसास्थळ झाली. पण त्याच्या आधी कित्येक पिढ्या ती देवाची राई म्हणूनच राखलेली. आत पाऊल टाकलं की उजेड बदलतो. काळ्या पाण्यातून झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर आलेली, श्वास घ्यायला. माती इतकी मऊ की काठी हातभर आत जाते. बेडकं, खेकडे, आणि चिखलात पिसोरीचे खूर, करंगळीच्या नखाएवढे. पिसोरी म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात छोटं खूरवालं जनावर, सशाहून जेमतेम मोठं. एवढ्याशा जागेत ती राहू शकते. पण राईभोवती सगळीकडे रबर झालं तर तिला दुसऱ्या राईकडे जायला वाट राहणार नाही.

गाभ्यात जाताना चपला काढायला लावतात. काढा. आणि घोट्यापर्यंतचा चिखल गृहीत धरा.

दाणोलीवरून आंबोली घाट चढलो तेव्हा चार वाजलेले. पावसाळ्यात इथे धबधब्याखाली उभं राहायला जागा नसते, फेब्रुवारीत रस्ता ओस. थंडी एकदम अंगावर आली. आंबोलीतल्या निसर्ग वाटाड्याबरोबर तिन्हीसांजेला कड्याच्या बाजूने गेलो. गव्यांचा कळप. सात मोजले, एक वासरू. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. सगळ्यात मोठा आमच्याकडे तोंड करून नाकाने फूं करून उभा राहिला. वाटाड्याने हाताने खूण केली, आम्ही गाडीच्या मागे सरकलो. गवा चिडला तर वाघही बाजूला होतो, आपलं काय! एक पर्यटक गाडी आली, त्यातून संगीत चालू, कळप जाळीत शिरला. वाटाड्याने त्यांना काही बोलायचं टाळलं, मी बोलले, आणि मला जास्तच बोलले असं मामा म्हणतात.

रात्री चहाच्या टपरीवर शक्तिपीठ महामार्गावर चर्चा. पवनार ते पत्रादेवी, सुरुवातीचा ८०२ किलोमीटरचा प्रस्ताव, आणि सह्याद्री उतरून खाली यायचं म्हणजे याच पट्ट्यातून. टपरीवाल्याला गिऱ्हाईक वाढेल असं वाटत होतं. वाटाड्याचं म्हणणं, एवढा वेगवान रस्ता झाला तर आंबोलीला कुणी थांबणारच नाही. गव्याच्या बाजूने बोलणारं टेबलावर कुणी नव्हतं, पण मामांनी जमीन संपादनाचे दर काढले आणि चर्चा रात्री दहापर्यंत चालली.

मंगळवार : चौकुळ, आणि परत

सकाळी चौकुळला गेलो. धुकं एवढं की पुढची गाय दिसेना. दोन वाटा मिळतात तिथे वाटाडा खाली वाकला. कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची लेंडं, सात-आठ ठिकाणी. जुनी, ताजी, एकाच जागी. काडीने एक फोडलं तर आत सांबराचे जाड, मधे पोकळ असलेले केस. हे कळपाने राहतात आणि वाटांच्या तिठ्यावर असा शेरा मारून जातात. जगभरात धोक्यात आलेलं जनावर, वाघाच्या निम्म्याचीही प्रसिद्धी नाही. त्यांना भरपूर सांबर-भेकरं लागतात, आणि गावातली भटकी कुत्री त्यांना रोग देतात. चौकुळच्या पंचायतीने कुत्र्यांचं लसीकरण केलं तर त्याचा फायदा रानातही पोचेल, हे वाटाड्याचं मत, आणि मला हे सगळ्यात स्वस्त संवर्धन वाटलं.

चौकुळ, गेळे, आंबोली इथल्या जमिनी कबुलायतदार गावकर पद्धतीच्या. संस्थानकाळापासून गावाने मिळून राखलेल्या, पुढे सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन लागलं आणि पिढ्यान्पिढ्यांचा वाद सुरू झाला. मामांनी हा विषय एका आजोबांकडे काढला आणि आम्ही तिथून दोन तास हललो नाही. आजोबांचं म्हणणं सोपं होतं : जमीन वाटून घरटी दिली की पाच वर्षांत निम्मी विकली जाईल, आणि सामायिक ठेवली तर कुणालाच कर्ज मिळणार नाही. ते स्वतः वाटपाच्या बाजूने आहेत, नातू विरुद्ध. नातू वाटाड्याचं काम शिकतोय. दोघांनी आम्हाला आपापली बाजू स्वतंत्रपणे सांगितली, एकाने पडवीत, दुसऱ्याने गाडीपर्यंत सोडताना.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ताडोब्याहून वाघीण आणलीय, २०२५ च्या नोव्हेंबरात. ती चांदोलीत रुळली आणि तिच्या पिल्लांना पुढे जागा शोधावी लागली तर ती दक्षिणेला याच तिठ्यांवरून जातील. नातवाला हे माहीत होतं. त्याच्या फोनमध्ये त्या वाघिणीचा फोटो वॉलपेपर म्हणून होता.

परतीला आजरा, कोल्हापूर, पुणे.

*शेवटची माहिती :* रेल्वेने जायचं तर चिपळूण, सावंतवाडी ही स्थानकं सोयीची, पण तिळारीसाठी पुढे गाडी हवीच, एसटी वेळेवर मिळते, जिथे हवी तिथे नाही. घरगुती मुक्काम आधी फोन करून ठरवा, आणि जेवण सांगताना काजू ओला हवा असं आवर्जून सांगा, एप्रिलनंतर तो मिळत नाही. वाटाड्याला ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. रानात मुक्कामी माणूस आला की घरात पैसे येतात, तेवढ्याने रबराचा भाव थोडा तरी कमी वाटतो.

मामा मे महिन्यात परत चाललेत, फणस आणि एका फेरफाराच्या कामासाठी. गाडीत एक जागा आहे. जायचं असेल तर कळवा, पण वाटेत खातेफोड (सामायिक जमिनीची वाटणी) समजून घ्यायची तयारी हवी.